मॉस्कोच्या मुली कुठे गेल्या?

२९ ऑगस्टला, राष्ट्रीय क्रीडा दिनी, नागपूरच्या आमच्या जुन्या हॉकीवाल्या मैत्रिणींच्या ग्रुपवर दरवर्षी एक मेसेज येतो: 'भारतीय मुली रिओपर्यंत ऑलिम्पिकला गेल्याच नव्हत्या, चौथा क्रमांक पहिल्यांदा टोकियोत आला आणि यात महाराष्ट्राचा वाटा शून्य.' यंदा मला गप्प राहवलं नाही.

रिओ २०१६ मध्ये झालं. आपल्या मुली ऑलिम्पिक खेळल्या त्या १९८० साली, मॉस्कोत. महिला हॉकी ऑलिम्पिकमध्ये आली तीच मुळी त्या वर्षी. म्हणजे पहिल्याच स्पर्धेत आपला संघ होता, कप्तान रूपा सैनी. रिओला आपण ३६ वर्षांनी परत गेलो.

आता चौथा क्रमांक. मॉस्कोत सहा संघ होते आणि उपांत्य फेरी नव्हती, प्रत्येकाने प्रत्येकाशी खेळायचं. आपण ऑस्ट्रियाला २-० आणि पोलंडला ४-० हरवलं. चेकोस्लोव्हाकियाकडून १-२ हरलो. मग झिम्बाब्वेशी १-१ बरोबरी. तोच झिम्बाब्वे पुढे सुवर्ण घेऊन गेला! शेवटी सोव्हिएत संघाने ३-१ ने हरवलं, आणि एका गुणाने कांस्य हुकलं. त्यांचे सहा, आपले पाच.

कुणी म्हणेल, बहिष्कार होता, अमेरिका, पश्चिम जर्मनी आलेच नाहीत. खरं आहे. टोकियोत ऑस्ट्रेलियाला १-० हरवून उपांत्य फेरी गाठणं जास्त कठीण होतं, हेही मान्य. म्हणून मॉस्कोचा चौथा क्रमांक पुसून टाकायचा का? आम्ही मुरमाच्या मैदानावर शिकलो. खडा लागला की चेंडू टुणकन उडून नडगीवर बसायचा, संध्याकाळी हळद लावायची. मॉस्कोत सामने कृत्रिम टर्फवर होते, चेंडू सरळ आणि सुसाट येणारा. तेव्हा भारतात असं टर्फ मुलींना सरावाला कुठून मिळणार? गवतावर घोटलेला हात घेऊन त्या तिथे उभ्या राहिल्या.

आणि महाराष्ट्र शून्य? हे वाचून खरंच वाईट वाटलं. एलायझा नेल्सन पुण्याची. मॉस्कोच्या संघात ती होती. दोन वर्षांनी दिल्लीच्या आशियाई स्पर्धेत महिला हॉकी पहिल्यांदा आली, तेव्हा भारताची कप्तान तीच आणि सुवर्णही आपलंच. पुढच्या चार दशकांत मुलींना ते परत मिळालं नाही. तिला अर्जुन पुरस्कार मिळाला, १९८३ साली पद्मश्री. तरी आमच्या ग्रुपवर विचारलं, 'एलायझा कोण?', तर तिघींनीच ओळखलं. आम्ही सगळ्या स्टिक धरलेल्या बाया, बरं का!

रेखा मुंडफन, सेल्मा डिसिल्वा, मार्गारेट टोस्कानो, लॉरेन फर्नांडिस यासुद्धा त्याच संघातल्या. सोळाच्या सोळा नावं मी मेसेज टाकणाऱ्या ताईंना लिहून पाठवली आहेत. ताई, पुढच्या २९ ऑगस्टला तीच टाका.