परग्रहवासी कोंडावेत कसे: दुसरा भाग लिहिणाऱ्यांसाठी

तुमच्या विज्ञानकादंबरीचा पहिला भाग खपला आणि प्रकाशक आता दुसरा मागतोय. अभिनंदन. पहिल्या भागाच्या शेवटी तुम्ही त्या भयंकर परग्रहवासीयांना त्यांच्याच सूर्यमालेत कोंडून कुलूप लावलं होतं. आता ते कुलूप हलवायचं. सोलापुरात बसून असलं काही लिहावं का, अशी शंका आणू नका. मे महिन्यात दुपारी दोन वाजता जो सात रस्त्यावर उभा राहिलाय, त्याला ताऱ्याच्या पोटात शिरण्याचं वर्णन कुणी शिकवायला नको.

गुरू म्हणून लॅरी निव्हन आणि जेरी पूर्नेल या अमेरिकी विज्ञानकादंबरीकारांना धरा. 1974 साली ‘द मोट इन गॉड्स आय’मध्ये त्यांनी तीन हातांचे, यंत्रविद्येत माणसाचे कान कापणारे जीव घडवले. त्यांची देहरचनाच अशी, की वेळेत गर्भ राहिला नाही तर जीव जातो. मग पोरं होणार, जागा अपुरी पडणार, युद्ध पेटणार, सगळं बेचिराख होऊन पुन्हा पहिल्यापासून, असं हजारो वर्षं. बाहेर पडायची वाट एकच आणि ती एका तांबड्या महाकाय ताऱ्याच्या आत उघडते. तिथंच माणसांचं आरमार नाकेबंदी करून बसलेलं. 1993च्या दुसऱ्या भागात, ‘द ग्रिपिंग हँड’मध्ये, एक नवा तारा पेटतो, दुसरी वाट उघडते आणि आरमाराची झोप उडते.

यातून काय उचलायचं ते नीट बघा. कोंडलेल्यांनी काय केलं, हे विचारत बसायचं नाही. पुढं ते काय करतील, एवढं पुरतं. ‘ते लोक फार वाढतात’ हे वाक्य तर तुम्हाला लिहावंही लागणार नाही. कुठल्याही चहाच्या टपरीवर तयार मिळतं. त्या दोन लेखकांनी परग्रहवासीयांना हुशारी दिली, चतुराई दिली, आपसांतलं राजकारणही दिलं. शिवाय एक मध्यस्थ जात दिली, जी समोरच्या माणसाची बोली हुबेहूब उचलते. (एका गिऱ्हाईकाशी मराठीत, दुसऱ्याशी कन्नडमध्ये आणि तिसऱ्याशी तेलुगूत बोलणारा पानवाला पाहिलेल्यांना याचं फार अप्रूप वाटणार नाही.) तुम्ही हे टाळा. शत्रू बोलायला लागला की वाचक ऐकायला लागतो, आणि मग नाकेबंदी ढिली पडते.

एक पथ्य मात्र कडक पाळा. अभ्यासासाठी घराबाहेर पडू नका. पडलातच तर रिक्षावाल्याला काहीही सांगा, ‘सेटलमेंट’ म्हणू नका. नाहीतर तो खरंच तिथं नेऊन सोडेल. तिथं एखादं म्हातारं माणूस भेटलं तर तुमच्या कादंबरीची हवाच जाईल. इंग्रजांनी 1871 साली कायदा करून काही जमातीच्या जमाती गुन्हेगार ठरवल्या. चोरी नंतर, आधी जन्म. पाळण्यातलं पोरही यादीत. पुढं सोलापुरात तारेचं कुंपण घालून अशा लोकांची वसाहत वसवली, तीच ही सेटलमेंट. कैकाडी, पारधी, टकारी आत, बाकीचं शहर बाहेर. हजेरी द्यायची. बाहेर जायचं तर पास लागायचा. ‘कुठं चाल्लास बे?’ या प्रश्नाला उत्तर नाही, कागद दाखवायचा. गिरण्यांना कामगार हवेच होते, तेही तारेच्या आतून मिळाले. शहराला ज्यांची भीती वाटत होती, त्यांच्या हातचं सूत मात्र शहराला चालत होतं.

हे कळलं तर तुमच्या कथानकाचं फार नुकसान होईल. कारण तुमच्या पहिल्या भागात आरमार आहे, ढाली आहेत, किरणशस्त्रं आहेत, पानोपानी जहाजं वितळतायत. इथं काय लागलं? तार, हजेरीचं रजिस्टर आणि चष्मा पुसत नावं पुकारणारा कारकून. इतक्या स्वस्तात कोंडता येतं हे उघड झालं, तर तुमचे ॲडमिरल बिचारे करणार काय? तेव्हा कारकुनाला कादंबरीत घेऊच नका. घेतलाच तर त्याला अंतराळवेश चढवा आणि हुद्दा द्या.

शेवटाचं म्हणाल, तर गुरूंनी तो शस्त्रांवर सोडलेला नाही. माणसांच्या शास्त्रज्ञांनी एक जंत तयार केलेला असतो. तो अंगात असला की परग्रहवासी गर्भ न राहताही जगतो. शत्रूचं कुटुंबनियोजन! कल्पना मोठी आहे, यात वाद नाही. पण आपल्याकडच्या वाचकाला लगेच 1976 आठवतं. म्हणून ‘नसबंदी’ हा शब्द चुकूनही वापरू नका, ‘सहजीवन’ म्हणा.

आणि तिसऱ्या भागाची सोय आत्ताच करून ठेवा. कुंपण उठलं की गोष्ट संपली असं समजणारा लेखक उपाशी मरतो. तो गुन्हेगार जमातींचा कायदा देशभरातून 31 ऑगस्ट 1952 रोजी गेला, आणि त्याच्या पाठोपाठ सराईत गुन्हेगारांसाठीचे कायदे हजर झाले. पोलिसांच्या नजरेला सवय लागलेली, ती काय राजपत्रानं जाते? तेव्हा तुमच्या परग्रहवासीयांनाही तिसऱ्या भागात खुशाल मोकळं सोडा. एखाद्याला सोलापुरात उतरवा, पोराचं नाव शाळेत घालायला लावा आणि जातीच्या दाखल्यासाठी रांगेत उभं करा. खिडकीतून त्याला सांगितलं जाईल, की 21 नोव्हेंबर 1961च्या आधीपासून महाराष्ट्रात राहत असल्याचा पुरावा आणा. त्यानं तिन्ही हात जोडले तरी उपयोग नाही. आजोबा कुठल्या तारखेला कुठं होते याची रोजची नोंद ज्या हजेरीच्या रजिस्टरात होती, ते सोडून कुठलाही कागद चालेल, असं म्हणा आणि प्रकाशकाकडून आगाऊ रक्कम मागून घ्या.