आधी तू बघ आणि सांग

‘इंटरस्टेलर’ हा अंतराळावरचा इंग्रजी सिनेमा मुलांना दाखवावा की नाही, हे ठरवायचं काम माझ्याकडे आलं, कारण बारावीला माझं फिजिक्स होतं. त्यात किती मार्क पडले, हे बायको सोयीस्करपणे विसरते.

पूर्वी बरं होतं. सिनेमाच्या प्रमाणपत्रावर ‘यूए’ दिसलं की सगळ्यांना घेऊन निघायचं. आता, म्हणजे २०२४ पासून, सेन्सॉर बोर्डाने त्याचे तीन तुकडे केलेत: ७+, १३+ आणि १६+. आमचा मुलगा साडेसहाचा, मुलगी दहाची. दोघंही एकाही खणात नीट बसत नाहीत. शिवाय थिएटरवाल्याने दारात अडवायचं ते फक्त प्रौढांच्या ‘ए’साठी, बाकी सगळं पालकांच्या विवेकावर. आमच्याकडे विवेक म्हणजे मी.

सिनेमा २०१४ चा, १६९ मिनिटांचा. सगळे झोपल्यावर वही-पेन घेऊन बसलो. रक्त: नाही. शिव्या: इंग्रजीत, म्हणजे मुलांना माझ्याआधी कळतील अशा. मारामारी: एक, तीही बर्फात, दोघंही अंतराळवीराच्या पोशाखात, त्यामुळे कोण कोणाला हाणतोय तेच कळत नाही. मग ती मंडळी पाण्याने भरलेल्या ग्रहावर उतरतात. शेजारच्या कृष्णविवरामुळे तिथला एक तास म्हणजे पृथ्वीवरची सात वर्षं. यानात परततात तोवर तेवीस वर्षं उलटलेली, आणि बाप पडद्यासमोर बसून मुलांचे साठलेले निरोप बघतो. पाणी प्यायला उठलेल्या बायकोने नेमकं तेव्हाच विचारलं, “चालेल ना मुलांना?” मी नाक पुसत मान हलवली. कशी हलवली, यावर आमचे मतभेद आहेत.

तसे सरकारी परीक्षकही काही कमी नाहीत. स्वीडनमध्ये ‘ई. टी.’ या परग्रहवासीयाच्या सिनेमाला अकरा वर्षांखालच्या मुलांना मनाई होती. का, तर त्यात मोठी माणसं मुलांशी शत्रूसारखी वागतात. या न्यायाने परीक्षेच्या आठवड्यात आमच्या घरात अठराच्या आतल्या कोणाला प्रवेशच मिळू नये.

शेवटी रविवारी सगळ्यांनी मिळून पाहिला. कृष्णविवराचं कोणालाच काही वाटलं नाही. मुलीला प्रश्न पडला की बाबा नाहीत तर शाळेच्या डायरीवर सही कोण करतं. मुलाने हिशेब केला, “तिथे एक तास खेळलो तर इथली शाळा संपेल?” बायकोने माझ्याकडे असं पाहिलं, जणू सापेक्षतेचा शोध मीच लावला.

खरी अडचण माझ्या आईची झाली. खाली उतरलेल्यांचं तिला काही नाही. यानात एकटा मागे राहिलेला जो गडी पिकल्या दाढीने दार उघडतो, त्याच्यावर तिची नजर खिळली.

“हा तेवीस वर्षं जेवला काय?”

“पाकिटातलं असतं त्यांचं. शिवाय मधेमधे झोपायचा.”

“आणि हे खाली गेलेले?”

“त्यांचे तीन-सव्वातीन तासच गेले.”

“म्हणजे यांचं एक जेवण पुढे गेलं, आणि याची तेवीस वर्षं पाकिटावर?” आईने रिमोट मागून घेतला. “असले हाल पोरांना कशाला दाखवता रे?”