कोकणात म्हणे काही लागत नाही!

पाऊस उघडला की हा मेसेज ग्रुपवर येतोच: 'कोकणातले किल्ले म्हणजे टेकाडं. पाण्याची एक बाटली, मोबाईल आणि सँडल पुरे. पाणी जागोजागी आहे, नकाशा मोबाईलमध्ये आहे. साप चावला तर दोरी आणि ब्लेड जवळ ठेवा. किनाऱ्याने गेलात तर वाट चुकायचा प्रश्नच नाही. बाकी सगळा दुकानदारांचा धंदा!'

टेकाडांचं आधी. रायगड कोकणातच येतो. खेडचे महिपतगड आणि सुमारगडही. त्यांना टेकाड म्हणून दाखवा. पुढे जाऊ.

'पाणी जागोजागी आहे.' श्रावणात आहे. पण जांभा दगड म्हणजे चाळणी. पडलेलं पाणी झिरपून किंवा वहाळातून समुद्रात जातं, आणि एप्रिल-मेमध्ये कित्येक वाड्यांना टँकर लागतो. अशा वाडीत दहा जणांनी बाटल्या पुढे केल्या तर कोणी नाही म्हणणार नाही, पण ते त्यांच्या हंड्यातलं पाणी असतं. तेव्हा माणशी तीन लिटर पाठीवर हवंच. सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारावर, सावलीला झाड नाही, खालून कातळ तापलेला. हवा इतकी दमट की घाम वाळतच नाही, आणि तो वाळल्याशिवाय अंग थंड होत नाही. अशा वेळी नुसतं पाणी ढोसूनही गरगरतं, कारण घामाबरोबर मीठ गेलेलं असतं. ओआरएसची दोन-तीन पाकिटं ठेवा. नसतील तर लिटरभर पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. गडाच्या टाक्यातलं पाणी प्यायचंच झालं तर फडक्याने गाळून, क्लोरीनची गोळी टाकून, अर्धा तास थांबून.

आता दोरी आणि ब्लेड. मेसेजमधलं सगळ्यात घातक वाक्य हेच. रत्नागिरी-सिंधुदुर्गात कातळावर गाठ पडते ती बऱ्याचदा फुरशाशी. वीतभर लांब, मातकट रंगाचं, जांभ्याच्या दगडाखाली वेटोळं घालून बसलेलं. त्याच्या विषाने रक्त गोठायचं थांबतं. अशा माणसाला ब्लेडने चीर दिली तर रक्त वाहतच राहणार. वर करकचून दोरी बांधली तर विष तिथेच अडकून मांस कुजायचा धोका. यावर सॅकमध्ये ठेवता येईल असं औषध नाही. ते सरकारी दवाखान्यात असतं आणि नाग, मण्यार, घोणस, फुरसे या चौघांवर चालतं. तुमच्याकडे हवं ते एक क्रेप बँडेज, हातपाय हलू नये म्हणून बांधायला. माणसाला चालवू नका, १०८ ला फोन करा. लाल विंचवाचंही तेच, दवाखाना गाठा. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी विंचूदंशावर प्राझोसिन हे औषध वापरून कित्येकांचे जीव वाचवले, ते वेळेत पोचलेल्यांचे. गडावर मुक्काम केलात तर सकाळी बूट उलटे करून आपटल्याशिवाय पाय घालायचा नाही.

आणि बूटच घालायचे, सँडल नाही. पावसानंतर जांभ्यावर जे शेवाळ धरतं त्यावर गुळगुळीत तळ क्षणभर टिकत नाही. पाऊलभर उघडी कातडी म्हणजे फुरशाला आमंत्रण, शिवाय चिखलातून होणाऱ्या लेप्टोच्या तापाची भीती. पँटही लांबच. सिंधुदुर्गातल्या दोडामार्गकडे २०१६ पासून माकडतापाचे रुग्ण सापडलेत, आणि तो पसरवते ती गोचीड. जानेवारी ते मे तिथल्या जंगलात हाफपँटवर फिरणं हा शुद्ध वेडेपणा.

मोबाईलबद्दल फार बोलत नाही. नकाशा आधी डाउनलोड करा, रेंज नसेल तिथे फ्लाइट मोड लावा, नाहीतर टॉवर शोधण्यातच बॅटरी संपते. टॉर्च वेगळी घ्या, मोबाईलची नको. डिसेंबरात सहा वाजता सूर्य बुडतो आणि झाडीत त्याआधीच काळोख होतो. गळ्यात एक शिट्टी असू द्या. घसा बसतो, शिट्टी बसत नाही.

'किनाऱ्याने वाट चुकत नाही.' चुकत नाही, बुडते. ओहोटीला ज्या खडकांवरून तुम्ही टुणटुणत गेलात ते सहा तासांनी पाण्याखाली असतात. इथे सामानात काय हवं? दिनदर्शिका! तिथीला पाऊणने गुणा, आली भरतीची ढोबळ वेळ. चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या. अमावास्या-पौर्णिमेला बाराच्या आसपास, आणि तेव्हा उधाणही असतं. खाडीचं मुख ओलांडायचं असेल तर हेही पुरत नाही. कोळीवाड्यात विचारा, आणि ते 'आत्ता नको' म्हणाले तर हुज्जत घालू नका.

दुकानदारांचं मात्र मेसेजवाल्याने बरोबर लिहिलंय. थंडीतही किनाऱ्यालगत एक चादर पुरते. चार हजारांचं जॅकेट आणि उणे तापमानाची स्लीपिंग बॅग घेऊन गुहागरला कोणी निघत असेल, तर त्याला खुशाल थांबवा.