पदकाच्या आधीचा पैसा

२०२४च्या ऑक्टोबरात कोल्हापुरात बक्षिसाच्या रकमेवरून वाद पेटला होता. पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशन्स रायफल प्रकारात ब्राँझ जिंकणाऱ्या स्वप्नील कुसाळेला राज्याकडून २ कोटी रुपये जाहीर झाले होते. हरियाणाकडे बोट दाखवत त्याच्या वडिलांनी उघड नाराजी बोलून दाखवली. ५ कोटी मिळावेत आणि बालेवाडीच्या क्रीडासंकुलाजवळ फ्लॅट मिळावा, अशी त्यांची मागणी होती. मग दोन तट पडले. एका बाजूला ‘पोराने देशाचं नाव काढलं, हात आखडता कशाला’, तर दुसऱ्या बाजूला ‘२ कोटी काय कमी झाले?’ आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तर दिवाळीच्या फराळाचे फोटोसुद्धा मागे पडले.

त्याच महिन्यांत इकडे अमेरिकेत कॉलेज फुटबॉलचा, म्हणजे हातात चेंडू घेऊन धावायच्या अमेरिकन फुटबॉलचा, मोसम रंगात आला होता आणि सगळ्यांच्या तोंडी एकच नाव होतं, ॲश्टन जेंटी. मी टेक्सासात फ्रिस्कोला राहते. जेंटी इथल्याच लोन स्टार हायस्कूलचा. त्याचे वडील नौदलात होते. त्यामुळे लहानपणीची काही वर्षं इटलीत नेपल्सला गेली, तिथल्या अमेरिकन तळावरच्या शाळेत तो फुटबॉल खेळला आणि मग कुटुंब फ्रिस्कोला आलं. या गावात मराठी घरं भरपूर आहेत. आमची मुलं शुक्रवारी संध्याकाळी हायस्कूलच्या सामन्यांना जातात ती बहुधा बँडमध्ये वाजवायला. मैदानात उतरणारी फार थोडी. तरीही ‘आपल्या गावचा पोरगा’ म्हणून जेंटीचं कौतुक आमच्याही घरांत झालं. पुढे तो आयडाहोतल्या बॉयसी स्टेट विद्यापीठात गेला. तिथलं मैदान निळं आहे, हिरवं नाही. विद्यापीठ मोठ्या घराण्यांतलं नाही, त्यामुळे त्याचे सामने टीव्हीवर बरेचदा रात्री उशिरा लागायचे.

जेंटी रनिंग बॅक. रनिंग बॅक म्हणजे काय, हे गावाकडच्या माणसाला सांगायचं तर कबड्डीतल्या चढाईपटूची आठवण करून द्यावी लागते. क्वार्टरबॅक, म्हणजे आक्रमण चालवणारा खेळाडू, त्याच्या पोटाशी चेंडू देतो आणि त्याने तो छातीशी घट्ट धरून समोरच्या अकरा जणांच्या भिंतीत घुसायचं. पकड बसली की संपलं. बसू दिली नाही, किंवा बसल्यावरही पाय चालत राहिले, तर पुढचं सगळं अंतर आपलं. जेंटीचं वेगळेपण तिथेच होतं. बाकीचे रनिंग बॅक चेंडू यायच्या आधी गुडघ्यात वाकून, हात मांडीवर टेकून, ताणलेले उभे असतात. हा सरळ ताठ उभा, दोन्ही हात बाजूला सैल सोडलेले, बसची वाट बघावी तसा. चेंडू हातात आला की दोन पावलं हळू, भिंतीत फट दिसेपर्यंत, आणि मग एकदम. उंची जेमतेम पाच फूट नऊ इंच, मांड्या मात्र पैलवानाच्या. खांद्याला धरणारा घसरतो, कमरेला धरणारा ओढत जातो. मी तर पकड सुटण्याचे ते क्षणच पुन्हा पुन्हा लावून बघते.

२०२४च्या पहिल्याच सामन्यात जॉर्जिया सदर्नविरुद्ध त्याने २६७ यार्ड आणि ६ टचडाऊन (चेंडू घेऊन शेवटची रेषा ओलांडणं) केले. पुढच्या आठवड्यात ओरेगॉनसारख्या बलाढ्य संघाशी त्यांच्याच मैदानावर १९२ यार्ड. सामना ३ गुणांनी गेला, पण त्या दिवसापासून सगळा देश त्याच्याकडे बघू लागला. वॉशिंग्टन स्टेटविरुद्ध २५९. असं करत १४ सामन्यांत ३७४ वेळा चेंडू घेऊन २,६०१ यार्ड झाले. म्हणजे जवळजवळ २.४ किलोमीटर, आणि त्यातलं बरंचसं अंतर कोणीतरी अंगाला झोंबलेलं असताना कापलेलं. मोसमातल्या सर्वोत्तम कॉलेज खेळाडूची हाइसमन ट्रॉफी मात्र कोलोरॅडोच्या ट्रॅव्हिस हंटरला मिळाली, जेंटी दुसरा आला. हंटर आक्रमण आणि बचाव दोन्हीकडे खेळत होता, असं उदाहरण विरळाच. तरी माझं मत जेंटीला होतं आणि आजही आहे.

एका मोसमात सर्वाधिक यार्ड धावण्याचा कॉलेजचा विक्रम बॅरी सँडर्सचा, १९८८चा, २,६२८ यार्डांचा. जेंटी २७ यार्डांनी मागे राहिला. नव्या वर्षाच्या आदल्या दिवशी फिएस्टा बोल या मोसमाअखेरच्या (‘बोल’) सामन्यात पेन स्टेटने त्याला १०४वर रोखलं, संघही हरला. विक्रम सँडर्सकडेच राहिला हे योग्यच झालं. त्याने ते अंतर ११ सामन्यांत कापलं होतं आणि बोल सामन्यातले त्याचे २२२ यार्ड त्या काळच्या नियमाने धरलेही गेले नाहीत.

या दोन मोसमांमधला फरक मला मैदानाबाहेर जास्त जाणवतो. १९८८मध्ये सँडर्सने ओक्लाहोमा स्टेटची स्टेडियमं भरवली, हाइसमन जिंकली, आणि त्या बदल्यात नियमाप्रमाणे त्याच्या पदरात शिष्यवृत्ती पडली. फी, राहणं, जेवण. टीव्हीचा पैसा, तिकिटांचा पैसा, प्रशिक्षकांचे लठ्ठ पगार, सगळं इतरांकडे. हौशी खेळाडू या शब्दाआड अनेक दशकं हे चाललं. न्यायालयांत लढाया झाल्या, कॅलिफोर्नियाने २०१९मध्ये कायदा केला, २०२१च्या जूनमध्ये सर्वोच्च न्यायालयाने एनसीएए या कॉलेज खेळांच्या नियामक संस्थेविरुद्ध एकमताने निकाल दिला आणि १ जुलै २०२१पासून कॉलेजच्या खेळाडूला आपल्या नावावर आणि चेहऱ्यावर कमाई करायची मुभा मिळाली. २०२५च्या जुलैपासून तर विद्यापीठं स्वतः खेळाडूंना वाटा देऊ लागली आहेत. पहिल्या वर्षासाठी एका विद्यापीठाला सुमारे २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंत वाटायची मुभा होती. जेंटी या नव्या काळातला आहे. त्याचा सर्वांत चांगला मोसम चालू असताना त्याला कमावता येत होतं.

हे ‘चालू असताना’ रनिंग बॅकच्या बाबतीत फार महत्त्वाचं आहे, कारण त्याचं आयुष्यच छोटं. दर धावेला दोन-तीन धिप्पाड माणसं अंगावर येतात. गुडघे, घोटे, खांदे, डोकं, सगळ्याचा हिशेब कधीतरी द्यावा लागतो. हायस्कूल सोडून तीन वर्षं झाल्याशिवाय एनएफएलमध्ये, म्हणजे व्यावसायिक लीगमध्ये, जाता येत नाही, म्हणजे शरीर सर्वांत ताजं असताना ते कॉलेजच्या सेवेत. पुढे तिशी जवळ आली की क्लब हात वर करतात. क्लब ज्यात पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात त्या ड्राफ्टमध्ये २०२४ला तर पहिल्या फेरीत एकही रनिंग बॅक निवडला गेला नव्हता. त्यानंतरच्या मोसमात सॅक्वॉन बार्कली या रनिंग बॅकने फिलाडेल्फियासाठी २,००५ यार्ड धावून एनएफएलचा अंतिम सामना, सुपर बोल, जिंकला आणि वारं थोडं फिरलं. त्याचा फायदा जेंटीला झाला. २०२५च्या एप्रिलमध्ये लास व्हेगास रेडर्सने त्याला सहाव्या क्रमांकावर घेतलं, चार वर्षांचा करार, सुमारे ३ कोटी ६० लाख डॉलर. तो चालेल असं मला वाटतं. पण धास्तीही आहे. रेडर्स २०२४च्या मोसमात धावून मिळवलेल्या यार्डांत सगळ्या लीगमध्ये तळाला होते, पुढची फळी कमकुवत होती, आणि एका वर्षात ३७४ धावांचा मार खाल्लेलं शरीर घेऊन तो तिथे गेला. पहिल्या वर्षाच्या आकड्यांवरून लोकांनी लगेच नाव ठेवू नये. आणि उद्या काही बरंवाईट झालंच, तरी ऐन उमेदीतल्या कष्टांचे पैसे त्याच्या हातात आलेले असतील.

आता पुन्हा आपल्याकडे. माझं माहेर कराडचं. गोळेश्वर तिथून हाकेच्या अंतरावर, खाशाबा जाधवांचं गाव. १९५२च्या हेलसिंकी ऑलिंपिकमधलं त्यांचं ब्राँझ आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. खाशाबा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे विद्यार्थी. हेलसिंकीला जायला पैसे नव्हते. गावाने वर्गणी काढली आणि कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर ७,००० रुपयांना गहाण ठेवलं. कॉलेजचा खेळाडू, कॉलेजचा माणूस, आणि पैसा पदकाच्या आधी. महाराष्ट्राला पुढचं वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळायला ७२ वर्षं लागली, तेही कोल्हापूर जिल्ह्यातल्याच कांबळवाडीच्या स्वप्नीलकडून.

स्वप्नील घडला कसा, हे बक्षिसाच्या वादात कोणी फारसं विचारलं नाही. शाळकरी वयात राज्याच्या क्रीडा प्रबोधिनीने नाशिकला त्याला उचललं. वडिलांनी त्याच्या नेमबाजीसाठी कर्ज काढलं. २०१५मध्ये रेल्वेत तिकीट तपासनिसाची नोकरी लागली आणि पगार सुरू झाला. त्याच्या पदकात प्रबोधिनीचा आणि रेल्वेच्या पगाराचा वाटा नंतरच्या २ कोटींपेक्षा मोठा आहे, कारण ते २ कोटी आले तेव्हा नेम लागून गेला होता. २ की ५, या वादात मला म्हणूनच रस वाटत नाही. मिळेल तेवढं त्याला मिळो, त्याचा हक्कच आहे. पण ते वरातीमागून घोडं आहे.

अडचण मधल्या वर्षांची आहे, अठरा ते बावीस. रेल्वे, पोलीस, लष्कर खेळाडूला घेतात ते राष्ट्रीय पातळीवर काहीतरी करून दाखवल्यावर. तिथपर्यंत पोचायचं कशाच्या जोरावर? माझ्या मामेभावाचा मुलगा कॉलेजच्या कबड्डी संघात डाव्या कोपऱ्यात खेळायचा. पकड अशी की चढाईवाला त्या बाजूला फिरकत नसे. विद्यापीठाच्या निवड चाचणीआधी सरावात गुडघ्याची लिगामेंट फाटली. ऑपरेशनचा खर्च घरच्यांनी उसनवारी करून भागवला. कॉलेजने दिलं ते प्रमाणपत्र आणि ट्रॅकसूट. आज तो दुचाकीच्या शोरूममध्ये हिशेब बघतो, नीट चाललंय त्याचं. पण ज्या दोन वर्षांत तो कॉलेजसाठी ढाली आणत होता, त्या दोन वर्षांत दूध आणि अंड्यांचा खर्चसुद्धा आई शिवणकामातून काढत होती.

आपण या वयातल्या खेळाडूला देतो काय, तर दहावी-बारावीचे वाढीव गुण आणि सरकारी नोकरीतलं पाच टक्के आरक्षण. दोन्ही चांगलंच आहे, रद्द करा असं मी मुळीच म्हणणार नाही. पण दोन्हींचा दरवाजा प्रमाणपत्राने उघडतो. सगळा मोबदला एका कागदावर टांगला की कागदाचाच धंदा सुरू होतो. ट्रँपोलिनच्या बोगस प्रमाणपत्रांवर सरकारी नोकऱ्या मिळवल्याची प्रकरणं आपण बघितली. दर महिन्याला सरावाच्या हजेरीवर पैसे दिले तर बोगस खेळाडूला रोज पहाटे मैदानावर यावं लागेल.

इथले माझे काही मराठी मित्र याला विरोध करतात. पैसा आला की पोरं बिघडतात, बघ ना, इथे दरवर्षी कॉलेज बदलतात, जास्त बोली लागेल तिथे जातात. बदलतात, खरं आहे. काही संघांची ओळखच राहिलेली नाही, याचं मलाही वाईट वाटतं. पण २०२३मध्ये १,३४७ यार्ड धावल्यावर जेंटीलाही मोठ्या विद्यापीठांची आमिषं होतीच. तो बॉयसीतच राहिला. प्रशिक्षक स्पेन्सर डॅनियलसन आणि सवंगड्यांवर विश्वास होता म्हणून राहिला, आणि घर चालेल एवढं तिथेही मिळत होतं म्हणून राहू शकला. हातात काहीच नसलेल्या मुलाला निष्ठा परवडत नाही. आमच्याकडचा तालमीतला पोरगा कमी पैशाच्या जत्रेतल्या कुस्त्या अंगावर घेतो आणि जायबंदी होतो, तो हौसेने नव्हे.

शिवाजी विद्यापीठाने बॉयसी स्टेट व्हावं, असं माझं म्हणणं नाही. टीव्हीचे करार आपल्या विद्यापीठ खेळांना मिळणार नाहीत, स्टेडियमं भरणार नाहीत. पण आंतरविद्यापीठ स्पर्धेत विद्यापीठाचा गणवेश घालून उतरलेल्या प्रत्येक मुलामुलीला, मग खेळ कबड्डी असो, खो-खो असो की नेमबाजी, वर्षभर दरमहा खुराक आणि खोलीभाडं निघेल इतकी रक्कम थेट बँक खात्यात देणं राज्याला जड नाही. मुलींच्या बाबतीत तर ती जास्त तातडीची आहे, कारण घरून पहिला खर्च त्यांच्याच खेळाचा कापला जातो. २०२५च्या जानेवारीत दिल्लीला खो-खोचा विश्वचषक भारताच्या दोन्ही संघांनी जिंकला, दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे, प्रियांका इंगळे आणि प्रतीक वाईकर. अशा मुली तालुक्या-तालुक्यात आहेत, पदवीच्या दुसऱ्या वर्षाला खेळ सोडणाऱ्या. आणि त्याच योजनेत दुखापतीचा विमा हवा, खेळणं थांबल्यानंतरही दोन वर्षं चालणारा. एनसीएएने तो २०२४च्या ऑगस्टपासून आपल्या सगळ्या खेळाडूंना लागू केलाय, जेंटीसारख्या ताऱ्यांना आणि कधी टीव्हीवर न दिसलेल्या जलतरणपटूंनाही.