डिपॉझिट देण्याआधी खिडकी उघडून बघा

मागच्या आठवड्यात मैत्रिणीच्या भाच्याबरोबर कॅनडातल्या ब्रॅम्प्टनमध्ये भाड्याचं बेसमेंट, म्हणजे तळघरातली खोली, बघायला गेले होते. नाशिकचा मुलगा, कॉलेज सुरू व्हायला चार दिवस उरलेले. खोलीला नवा रंग, बसस्टॉप दोन मिनिटांवर. पोरगा हरखला. मी खिडकी उघडायला गेले तर ती ढिम्म हलेना. रंगाच्या थराने चौकटीला घट्ट चिकटलेली. काचेपलीकडच्या खड्ड्यात मोडकी सायकल आणि कुजका पालापाचोळा. घरमालक म्हणाले, "अहो ताई, हीटिंग आहे ना, खिडकी कशाला उघडायची?"

कशाला? जिना वरच्या स्वयंपाकघराशेजारून जातो म्हणून. आग तिथे लागली की जिना गेलाच. मग उरते फक्त खिडकी.

झोपायच्या खोलीच्या मजल्यावरून थेट बाहेर पडणारं दार नसेल, तर इथल्या ऑंटारिओ प्रांताचा बिल्डिंग कोड, म्हणजे बांधकामाचे नियम, आतून, कुठलंही अवजार न लागता उघडणारी खिडकी मागतो. उघडल्यावर किमान 0.35 चौरस मीटर मोकळी जागा, आणि कुठलीही बाजू 380 मिलिमीटरपेक्षा कमी नाही. इथेच लोक फसतात. 38 बाय 38 सेंटिमीटरची खिडकी चालेल असं वाटतं, पण त्यात निम्मंही क्षेत्रफळ भरत नाही. रुंदी 38 असेल तर उंची 92 च्या पुढे लागते. शिवाय काच मोजायची नाही, उघडलेली जागा मोजायची. सरकत्या खिडकीचा अर्धा भाग बंदच राहतो. खिडकीसमोर खड्डा असेल तर तिथे 550 मिलिमीटर मोकळी जागा हवी. जानेवारीत तो बर्फाने भरतो, तेव्हा तो उपसणार कोण, हेही भाडं ठरवतानाच विचारा.

आणि धोका काही आगीचाच नाही. न्यूयॉर्कमध्ये 1 सप्टेंबर 2021 च्या रात्री, आयडा वादळाच्या पावसात, तळघरांतल्या घरांत पाणी शिरून किमान 11 माणसं दगावली.

पाया कापून मोठी खिडकी बसवायची तर परमिट लागतं, हजारो डॉलर जातात, डोक्यावर घराचा हप्ता असतो. मान्य. आम्हीही तीन वर्षं बेसमेंटमध्ये काढली आहेत. पण घरमालकांनो, दर महिन्याला भाडं घेता, तर त्या माणसाला बाहेर पडायला वाट द्यायलाच हवी. मुलं तक्रार करत नाहीत, कारण खोली गेली तर जायचं कुठे, ही भीती असते. ती भीती आपलेच लोक वापरतात, याचा मला फार राग येतो.

पुण्या-नाशिकहून व्हिडिओ कॉलवर खोली बघणाऱ्या आईबाबांनो, मुलांना सांगा, फोन कुठेतरी टेकवून ठेव, खिडकी उघड आणि बाहेर निघून दाखव.

ती खोली आम्ही घेतली नाही. पोरगा सध्या आमच्या हॉलमध्ये झोपतोय. शे-दीडशे डॉलर जास्त गेले तरी चालतील, असं त्याच्या आईने कळवलंय. कोणाच्या माहितीत नीट खिडकी असलेली खोली असेल तर कृपया सांगा.