डोंगर निळा झाला, मग नीलकुरिंजी धोक्यात कशी?

नमस्कार,

तुमचे आक्षेप दोन. २०१८मध्ये केरळात मुन्नारजवळच्या एरविकुलमचे उतार निळेभोर झालेले तुम्ही स्वतः पाहिलेत, मग बारा वर्षांनी एकदाच फुलणारं हे झुडूप, नीलकुरिंजी, धोक्यात कशी? आणि कारवीही तिच्याच कुळातली, एकदाच फुलून मरणारी, तर तिला धोका कमी असं मी कशाच्या बळावर लिहिलं?

आधी नीलकुरिंजी. २०२४मध्ये आययूसीएन या निसर्गसंवर्धनाच्या जागतिक संघटनेने धोक्यातल्या जातींच्या यादीत तिला ‘व्हल्नरेबल’ (नष्ट होण्याचा धोका असलेली) ठरवलं, ते झुडपं थोडी उरलीत म्हणून नाही. तिला लावलेला निकष घटीचा आहे. दहा वर्षं किंवा तीन पिढ्या, यांतला जो काळ मोठा, तेवढ्यात निदान ३० टक्के घट झालेली असली की हा दर्जा लागतो. ती बाराव्या वर्षी फुलून मरते, म्हणून तिची पिढी १२ वर्षांची, म्हणजे हिशेब ३६ वर्षांचा. लाखो झुडपं उभी असतानाही जात या दर्जात येते ती अशी. आणि एरविकुलम हे राखलेलं राष्ट्रीय उद्यान आहे हो! जिथली गवताळ माळरानं मोडून चहा, निलगिरीची झाडं, वॅटल (बाभळीसारखं परदेशी झाड) लावले गेले, तिथे फुलायला काही उरलेलंच नाही. अशा उतारांचे फोटो कोण काढणार? शिवाय तिला उंचावरचाच गवताळ डोंगर लागतो. तो गेला की आणखी वर सरकायला जागा नसते.

कारवीचं तसं नाही. ती सह्याद्रीच्या खालच्या उतारांवर, झाडांच्या सावलीतही दाट माजते. पसारा मोठा, म्हणून धोका कमी. एवढंच माझं म्हणणं.

पण कमी धोका म्हणजे खुशाल तोडा, असं मी म्हणणार नाही. कारवी आठव्या वर्षी फुलते आणि मरते. बी मात्र वाळक्या बोंडांत पुढच्या पावसाळ्यापर्यंत अडकलेलं असतं. पावसात बोंडं तडकल्यावर कुडाच्या भिंतींसाठी काठ्या नेल्या तर बी मातीत पोचलेलं असतं. त्याआधीच कोयता चालला किंवा उन्हाळ्यात वणवा लागला, तर त्या उताराची पुढची पिढीच जाते. याची मला खरोखर काळजी वाटते, आणि कुठल्याही यादीत नाव असण्या-नसण्याने ती कमी होत नाही.

मुन्नारचा पुढचा मोठा बहर २०३०मध्ये अपेक्षित आहे. तेव्हा गेलात तर उद्यानाबाहेरचे डोंगरही बघा आणि तिथे काय दिसलं ते जरूर लिहा.