पंचवीस हजारांचा दंड आत्याला नाही, अधिकाऱ्याला आहे

परवा रात्री आत्याचा फोन आला. "पोरी, तो अर्ज मी फाडून टाकला. पंचवीस हजार मी कुठून भरू?"

आत्याच्या वस्तीवर पाण्याची पाइपलाइन येऊन दोन वर्षं झाली. दारात नळ आहे, नळाला पाणी नाही. काम किती रुपयांचं होतं, किती मीटर पाइप टाकला आणि बिल कधी निघालं, एवढंच तिला ग्रामपंचायतीकडून हवं होतं. अर्ज मी सांगितला, तिने स्वतःच्या हाताने लिहिला. तो द्यायच्या आदल्या दिवशी बचतगटाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज फिरत आला. त्यात पाच गोष्टी होत्या. माहिती अधिकाराच्या अर्जात कारण लिहावंच लागतं. ग्रामपंचायतीला हा कायदा लागू नाही, अर्ज वकिलामार्फत तालुक्यालाच द्यावा लागतो. अर्ज चुकला तर अर्जदाराला २५,००० रुपये दंड होतो. नव्या कायद्याने माहितीचा अधिकारच संपला आहे. आणि सातबारा-फेरफारसुद्धा आता एजंटशिवाय मिळत नाहीत. शेवटी 'सर्वांना पाठवा' असं लिहिलं होतं, आणि सर्वांनी पाठवलंही.

आधी तो दंड. यातल्या एका वाक्याने माझ्या आत्याचा कागद फाडला, ते हेच.

माहिती अधिकार अधिनियम, २००५. कलम २०. पंचवीस हजारांचा आकडा तिथे खरंच आहे. पण तो दंड अर्जदाराला नाही, जन माहिती अधिकाऱ्याला, म्हणजे अर्ज घेऊन माहिती द्यायला कार्यालयात नेमलेल्या अधिकाऱ्याला आहे. त्याने सबळ कारण नसताना अर्ज घ्यायला नकार दिला, मुदतीत माहिती दिली नाही, जाणूनबुजून चुकीची, अपुरी किंवा दिशाभूल करणारी माहिती दिली, किंवा मागितलेला कागद नष्ट केला, तर माहिती आयोग, म्हणजे या कायद्याखालच्या अपिलांवर निकाल देणारी संस्था, त्याला दिवसाला २५० रुपये, जास्तीत जास्त २५,००० रुपये दंड करू शकतो. आपण वाजवी वागलो हे सिद्ध करायची जबाबदारीही त्या अधिकाऱ्यावरच. नागरिकाने अर्ज केला म्हणून त्याला दंड करणारं एकही कलम या कायद्यात नाही. उलट माहिती न मिळाल्याने अर्जदाराचं नुकसान झालं असेल, तर त्याला भरपाई द्यायचा आदेश आयोग देऊ शकतो. ते कलम १९ मध्ये आहे.

म्हणजे अधिकाऱ्याला वचक बसावा म्हणून लिहिलेला आकडा उचलून शेतमजूर बाईला घाबरवायला वापरला. कोणी मुद्दाम केलं की अर्धवट वाचून पुढे ढकललं, मला माहीत नाही. परिणाम एकच झाला. फायली जिथे होत्या तिथेच राहिल्या.

गावात अर्ज करायची भीती वाटते, हे मात्र मी नाकारणार नाही. सकाळी दिलेल्या अर्जाची बातमी संध्याकाळपर्यंत पारावर पोचते. तळेगाव दाभाड्याचे सतीश शेट्टी जमिनींचे गैरव्यवहार बाहेर काढत होते, त्यांचा २०१० च्या जानेवारीत खून झाला. ही भीती खरी आहे आणि तिच्यावर बोललंच पाहिजे. त्यासाठी एकटीने न जाता चौघींनी मिळून जावं, अर्ज रजिस्टर पोस्टाने पाठवावा, असे उपाय आहेत. खोटा दंड सांगून ती भीती आणखी वाढवणं हा अपराध आहे. काही लोक अर्जांच्या धमकीवर पैसे उकळतात, त्यांच्यावर गुन्हेही दाखल होतात. पण ते गुन्हे खंडणीचे असतात, अर्ज केल्याचे नसतात.

आता कारणाचं. कलम ६ (२) मध्ये स्पष्ट लिहिलं आहे की अर्जदाराला कारण देण्याची गरज नाही, आणि संपर्कापुरता तपशील सोडून दुसरी वैयक्तिक माहिती देण्याचीही नाही. खिडकीवर कोणी "कशाला हवंय?" असं विचारलं तर हे कलम दाखवा. लिहिता येत नसेल तर तोंडी सांगितलेलं लिहून घ्यायला मदत करणं हेही त्या अधिकाऱ्याचंच काम आहे.

ग्रामपंचायतीला कायदा लागू नाही, हे तर धडधडीत खोटं. ग्रामपंचायत कायद्याने स्थापन झालेली संस्था आहे, तिथे जन माहिती अधिकारी असतोच. अर्ज चुकीच्या कार्यालयात गेला तरी तो फेकून देता येत नाही, पाच दिवसांच्या आत योग्य कार्यालयाकडे पाठवावा लागतो. वकील लागत नाही. अर्जावर १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट लागतं, झेरॉक्सचे पानाला २ रुपये, आणि दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाला तेही माफ. उत्तराची मुदत ३० दिवस. मुदत उलटली तर माहिती फुकट द्यावी लागते.

हा कायदा शहरातल्या शिकलेल्यांचा, असं त्या ग्रुपवर एकीने लिहिलं, म्हणून सांगते. या देशात हिशेबाचे कागद मागण्याची चळवळ पेटली ती राजस्थानच्या खेड्यांत. मजूर किसान शक्ती संघटनेच्या लोकांनी १९९४ मध्ये कोट किराना गावात जनसुनावणी घेतली, दुष्काळी कामांचे हजेरीपट आणि बिलं चारचौघांत वाचून दाखवली. १९९६ मध्ये ब्यावरला धरणं धरलं, ते चाळीस दिवस चाललं. "हमारा पैसा, हमारा हिसाब" ही त्यांची घोषणा. ती माणसं खडी फोडणारी होती.

नव्या कायद्याच्या मुद्द्यात अर्धं सत्य आहे, ते मान्य करते. वैयक्तिक डेटा संरक्षणाच्या २०२३ च्या कायद्याने माहिती अधिकाराचं कलम ८ (१) (ञ) बदललं, आणि तो बदल नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाला. आधी वैयक्तिक माहिती नाकारताना तिचा सार्वजनिक कामाशी संबंध नाही, असं दाखवावं लागायचं. आता 'वैयक्तिक' एवढा शब्द पुरतो. हा बदल वाईट आहे आणि त्याचा गैरवापर होईल. पण कलम ८ (२) शिल्लक आहे. जनहित मोठं असेल तर माहिती देता येते. योजनांच्या लाभार्थ्यांचा तपशील आपणहून जाहीर करायला सांगणारं कलम ४ सुद्धा शिल्लक आहे. आणि पाइपलाइनचं अंदाजपत्रक, काम सुरू करायचा कार्यारंभ आदेश, झालेल्या कामाची मापं लिहिलेली मोजमाप पुस्तिका, बिल, यांत वैयक्तिक काय आहे?

महाराष्ट्रात २०१२ पासून अर्ज एका विषयाचा आणि साधारण दीडशे शब्दांचा असावा असा नियम आहे, तोही पाळलेला बरा. 'का केलं' असं विचारू नका. त्यावर "ही माहिती नव्हे" असं उत्तर येतं आणि ते टिकतं. कागदाचं नाव घेऊन कागदच मागा.

सातबाऱ्याला एजंट लागत नाही. डिजिटल सहीचा उतारा महाभूमीच्या संकेतस्थळावर १५ रुपयांत मिळतो. जुना फेरफार हवा असेल तर तहसीलच्या अभिलेख कक्षात नकलेचा अर्ज करा.

एक गोष्ट त्या मेसेजात नाही, ती हवी होती. राज्य शासनाच्या २६ नोव्हेंबर २०१८ च्या निर्णयाप्रमाणे जिल्हा पातळीच्या आणि त्याखालच्या कार्यालयांत दर सोमवारी दुपारी ३ ते ५ नागरिकांना अभिलेख पाहता येतात. माहिती नाकारली तर शेवटी माहिती आयोगाकडे दुसरं अपील करावं लागतं आणि त्याची सुनावणी लागायला वर्ष-वर्ष जातं, हे मला माहीत आहे. म्हणून आधी फाइल डोळ्यांनी बघायची, हवी ती पानं टिपायची आणि मग तेवढ्याच पानांच्या प्रती मागायच्या.

आत्याने अर्ज पुन्हा लिहिला आहे. "वस्तीवरील पाणीपुरवठा पाइपलाइनच्या कामाचे अंदाजपत्रक, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिका व अदा केलेली बिले यांच्या प्रती मिळाव्यात." दीडशे शब्दांच्या मानाने बराच लहान. येत्या सोमवारी बचतगटातल्या तिघी तिच्याबरोबर जाणार आहेत. दुसऱ्या प्रतीवर पोचेची सही आणि तारीख घेतल्याशिवाय खिडकी सोडायची नाही, असं मी तिला तीनदा सांगितलंय.